रुग्ण कोणी पाठवला? ठाणे-कल्याणच्या दवाखान्यांतला एक जुना हिशेब

डॉक्टरी व्यवसायातल्या गैरप्रकारांबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर तक्रारीचा. पूर्वीचे डॉक्टर देवमाणूस होते, आताचे लुटायला बसले आहेत. दुसरा बचावाचा. अढीतले चार आंबे नासके निघाले म्हणून सगळी अढी फेकायची का? दोन्ही सुरांत बोलणे डॉक्टरच्या स्वभावाबद्दल होते. त्याच्या पोटापाण्याबद्दल कोणी बोलत नाही. गेली काही वर्षे मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातल्या वैद्यकीय व्यवसायाचा इतिहास जमेल तसा गोळा करतो आहे. मी डॉक्टर नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. जुने कायदे, समित्यांचे अहवाल आणि निवृत्त डॉक्टरांशी झालेल्या गप्पा हेच माझे साधन. या सगळ्यातून एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. डॉक्टरच्या दारात रुग्ण येतो, तो कोणाच्या सांगण्यावरून?

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदलत गेले, आणि ते जसे बदलले तसे गैरप्रकाराचे रूपही बदलले. हा लेख त्या बदलाचा आहे.

पदवी म्हणजे नेमणूक

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांनी खासगी व्यवसाय थाटला, त्यात नाव कमावले आणि जोडीने धर्मादाय दवाखानाही चालवला. पण तो काळ पाहता भाऊ दाजी हा अपवाद म्हणायचा. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या बहुतेक एतद्देशीयांसमोर वाट होती ती सरकारी नोकरीची. पुण्यात १८७८ साली बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाने वैद्यकीय शाळा निघाली, ती तर मुळात सरकारी इस्पितळांना ‘हॉस्पिटल असिस्टंट’ पुरवण्यासाठीच.

आपल्या कल्याणचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण ते या अंगाने कोणी पाहत नाही. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणात झाला. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागात नेमले. त्या पदावर रुजू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. त्यांच्या चरित्रातल्या शोकाखाली एक बारीक तपशील दडून जातो. त्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांच्यासाठी नोकरी तयार होती. रुग्ण कोठून येणार ही चिंता संस्थानाची होती, त्यांची नव्हती. पगारी डॉक्टरला कोणाला काही देऊन रुग्ण मागवावा लागत नाही. पगारी नोकरीचे दोष वेगळे असतात. कामचुकारपणा असतो, लाचही असते. पण रुग्णाची देवाणघेवाण तिथे उगवत नाही.

१९१२ साली घडलेल्या दोन गोष्टी

१९१२ साली मुंबई इलाख्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्ट. डॉक्टरांची नोंदवही ठेवणारा आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव तीतून काढू शकणारा देशातला हा पहिला कायदा. बंगाल आणि मद्रासचे कायदे त्यानंतर दोन वर्षांनी आले. दुसरी म्हणजे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ऑफ बॉम्बे ही परीक्षा घेणारी संस्था. तिच्या ‘एल.सी.पी.एस.’ या परवान्यामुळे विद्यापीठाची पदवी न घेताही डॉक्टर होता येऊ लागले. असहकाराच्या लाटेत १९२१ साली निघालेले नॅशनल मेडिकल कॉलेज, म्हणजे आजचे टोपीवाला कॉलेज, सुरुवातीला याच परवान्यासाठी विद्यार्थी तयार करीत असे.

म्हणजे एकाच वर्षी नीतीचा पहारेकरी नेमला गेला आणि बाजारात माणसे वाढवणारे दारही उघडले गेले. हे दार उघडणे वाईट होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला तापाचे औषध देणारे, रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाणारे डॉक्टर बहुतांशी हेच परवानाधारक होते. पण त्यांना सरकारी नोकऱ्या पुरेशा नव्हत्या. त्यांनी गावोगाव, स्टेशनांजवळ दवाखाने टाकले.

पुढे १९२६ साली परळला के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उभे राहिले. तिथल्या मानसेवी पद्धतीने व्यवसायाला नवा आकार दिला. मोठा डॉक्टर सकाळी रुग्णालयात गरिबांना फुकट तपासी आणि दुपारनंतर आपल्या खासगी खोलीत फी घेई. रुग्णालयातून त्याला प्रतिष्ठा मिळे आणि चरितार्थ खोलीतून चाले. या खोलीत येणारा रुग्ण मात्र थेट येत नसे. त्याला पाठवी त्याचा घरचा डॉक्टर, तोच एल.सी.पी.एस. किंवा एम.बी.बी.एस. झालेला गल्लीतला डॉक्टर. इथे पहिल्यांदा ‘पाठवणारा’ आणि ‘पाहणारा’ असे दोन वेगळे डॉक्टर एकाच रुग्णाच्या दोन टोकांना उभे राहिले. कटाला लागणारी जागा या रचनेने तयार केली.

भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते, म्हणजे साधारण ६,३०० लोकांमागे एक. समितीने परवानाधारकांचा छोटा अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवायला सांगितले. त्याचबरोबर आणखीही एक शिफारस केली. सरकारी सेवेतला डॉक्टर पूर्णवेळ, चांगल्या पगाराचा असावा आणि त्याला खासगी व्यवसायाची मुभा नसावी. पहिली शिफारस अमलात आली. दुसरीसाठी जो पैसा लागणार होता तो कधीच पुरेसा मिळाला नाही. डॉक्टर होणे लांबले आणि महागले, पण त्याला सामावून घेणारी पगारी सेवा त्या मानाने वाढली नाही.

उपनगरातले पहिल्या मजल्यावरचे नर्सिंग होम

ठाण्यात विठ्ठल सायन्ना यांच्या दानातून उभे राहिलेले सिव्हिल रुग्णालय होते. कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय. लोकलच्या प्रत्येक गाडीतून माणसे उतरत होती, चाळींच्या जागी इमारती येत होत्या. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख आणि ठाणे शहरात अठरा लाखांहून जास्त माणसे मोजली गेली. सार्वजनिक रुग्णालये या वेगाने वाढली नाहीत. ठाणे महापालिकेने १९९२ साली कळव्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय काढले. कल्याण-डोंबिवलीच्या वाट्याला तेही आले नाही. मधली सगळी पोकळी भरून काढली ती खासगी नर्सिंग होमने.

हे नर्सिंग होम कसे उभे राहते ते माझ्या पिढीने पाहिले आहे. नवरा सर्जन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन-तीन फ्लॅट एकत्र केलेले, दहा-बारा खाटा, एक शस्त्रक्रियेची खोली, बँकेचे कर्ज. दोघांचेही शिक्षण मुंबईच्या सरकारी कॉलेजात झालेले, हात चांगला, हेतूही चांगला. पहिला हप्ता सुरू होतो त्या महिन्यात मात्र खाटा रिकाम्या असतात. नव्या सर्जनला कोणी ओळखत नाही. ओळखतात ते आसपासच्या गल्ल्यांतल्या घरच्या डॉक्टरांना. मग सर्जन त्यांच्या दवाखान्यात पेढे घेऊन ओळख करून द्यायला जातो. बहुतेक डॉक्टर चहा पाजतात आणि शुभेच्छा देतात. एखादा हळूच विचारतो, ‘तुमच्याकडे पद्धत काय आहे?’

‘पद्धत’ हा शब्द मी या विषयावर बोललेल्या अनेकांकडून ऐकला. पैसे, लाच, दलाली असले शब्द कोणी वापरत नाही. ‘पद्धत’ म्हटले की एका माणसाने केलेली निवड सगळ्यांची चालरीत होऊन जाते.

समजा, एका तपासणीचे दोन हजार रुपये होतात आणि पाठवणाऱ्याला त्यातले पाचशे जातात. तपासणी करणारा हे पाचशे पदरचे घालत नाही. एक तर तो दर पाचशेने चढवतो, नाही तर चार तपासण्यांच्या जागी पाच करतो. दोन्हींत पैसे रुग्णाचेच जातात, पण दुसऱ्यात त्याच्या शरीरालाही भुर्दंड पडतो. नको असलेली तपासणी, लवकर केलेले सिझेरियन, पुढे ढकलता आली असती अशी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, अशी ही वाट पुढे जाते. पावतीवर मात्र हे पाचशे कुठे दिसत नाहीत, आणि रुग्णाला वाटते की आपल्या डॉक्टरने आपल्या भल्यासाठी चांगल्या ठिकाणी पाठवले.

रिकाम्या खाटेचा दबाव कुठवर नेऊ शकतो याचे सर्वांत काळे उदाहरण सोनोग्राफीचे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरीही राज्यातल्या सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ भरली. मुलगा हवा ही समाजाची हाव होती हे खरेच. पण कर्ज काढून घेतलेल्या यंत्राला रोज काम हवे होते, हेही तितकेच खरे.

देणगीची पिढी

१९८३-८४ च्या सुमारास वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. देणगी घेऊन प्रवेश देण्याला आळा घालणारा कायदा १९८७ साली करावा लागला, यावरून मधल्या काळात काय चालले होते याची कल्पना येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात आणि १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात यावर निकाल दिले. २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्याने गणित पुन्हा बदलले. न्यायालयात शब्दांचा कीस पडत होता, तोवर घरोघरी जमीन विकून किंवा कर्ज काढून डॉक्टर होणारी मुले तयार झाली.

असा डॉक्टर व्यवसायात येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते, जागेचे असते आणि यंत्राचेही असते. समोर शहरात गर्दी, गावात सोयी नाहीत. सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना एक वर्षाचे बंधपत्र आहे. ते मोडण्याचा दंड एम.बी.बी.एस.ला दहा लाख, पदव्युत्तरला पन्नास लाख. पैसे भरून ते वर्ष टाळणारेही असतात, यातच तरुण डॉक्टरला कोणती वाट आकर्षक वाटते ते आले.

सरकारने २०२४ साली सांगितले की देशात आयुष डॉक्टर धरून ८३६ लोकांमागे एक डॉक्टर होता. एम.बी.बी.एस.च्या जागा २०१४ साली ५१ हजारांच्या आसपास होत्या, त्या दहा वर्षांत एक लाखाच्या पुढे गेल्या. तरीही मोखाड्यात डॉक्टर मिळत नाही आणि डोंबिवली स्टेशनसमोर पाट्यांना भिंत पुरत नाही. ‘डॉक्टर कमी आहेत’ आणि ‘डॉक्टरला काम नाही’ ही दोन्ही विधाने एकाच जिल्ह्यापलीकडे न जाता खरी ठरत आली आहेत, कारण मोखाडा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता.

हे फक्त आपल्याकडे नाही

अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच चालले होते. तिथे खासगी मेडिकल कॉलेजांचे पीक आले होते. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनरने आपल्या अहवालात दाखवले की तिथे ५६८ लोकांमागे एक डॉक्टर आहे, म्हणजे जर्मनीच्या कितीतरी पट दाटी. तिथल्या सर्जनांत फी वाटून घेण्याची प्रथा इतकी बोकाळली होती की १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने सभासदाकडून फी न वाटण्याची शपथ घ्यायला सुरुवात केली. फ्लेक्सनरनंतर निकृष्ट कॉलेजे बंद पडली. त्यात गरिबांची आणि कृष्णवर्णीयांचीही बहुतेक कॉलेजे गेली, ही त्या सुधारणेची किंमत विसरता येत नाही.

जर्मनीचे उदाहरण याहून भयंकर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे तरुण डॉक्टरांना विमा मंडळांच्या यादीत जागा मिळणे कठीण झाले होते. एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू डॉक्टरांना त्या याद्यांतून हटवायला सुरुवात केली आणि १९३८ साली त्यांचे परवानेच रद्द केले. रिकाम्या झालेल्या जागांवर इतर बसले. जर्मन डॉक्टरांपैकी जवळपास निम्मे त्या पक्षाचे सभासद झाले होते. या सगळ्याचे कारण एकटी बेकारी होती असे म्हणणे खोटे ठरेल. द्वेष आधीपासून होता. पण सहकाऱ्याच्या हकालपट्टीत आपला फायदा दिसू लागला की शिकलेली माणसेही तोंड मिटून बसतात, एवढे त्यातून दिसते.

पाकिटाऐवजी पगारपत्रक

गेल्या पंचवीस वर्षांत ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापासून कल्याणपर्यंत मोठी खासगी रुग्णालये आली आणि नर्सिंग होमचा काळ उताराला लागला. इथला तज्ज्ञ पुन्हा नोकरदार झाला आहे, पण आनंदीबाईंना मिळालेली नोकरी आणि ही नोकरी यांत फरक आहे. इथे महिन्याच्या बैठकीत किती रुग्ण दाखल केले, किती शस्त्रक्रिया झाल्या याचा आकडा पुढे ठेवला जातो. कराराचे नूतनीकरण त्या आकड्यावर अवलंबून असू शकते. पूर्वी जे पाकिटातून जात असे ते आता ‘रेफरल’, ‘मार्केटिंग’, ‘सल्ला शुल्क’ अशा नावांनी हिशेबात बसते. रात्री वॉर्डात जागणारा निवासी डॉक्टर अनेकदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. कमी पगार, बारा तासांची पाळी, आणि वरिष्ठाच्या निर्णयावर शंका घ्यायची सोय नाही.

नियम नाहीत असे नाही. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे स्पष्टपणे निषिद्ध आहे. २०१७ साली मुंबईत एका हृदयरोग रुग्णालयाने ‘डॉक्टरांना कमिशन नाही’ अशा आशयाचा फलक लावला तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच त्याला आक्षेप घेतला. त्याच वर्षी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. तो कायदा झाला नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवर कराची सूट मिळणार नाही असा निकाल दिला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्थगित केले.

दबाव आणि निवड

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाही छळतो. बाजाराचा दबाव हे कारण असेल तर कर्ज फिटल्यावर कट थांबायला हवा. तो थांबत नाही. उलट गाडी-बंगला झालेल्या डॉक्टरचा दर जास्त असतो. म्हणजे दबावाने माणूस या वाटेला का लागतो ते कळते, तिथेच का राहतो ते कळत नाही. माझे उत्तर असे की पहिली काही वर्षे तो दबावाखाली पैसे देतो, आणि त्या काळात त्याच्याकडे रुग्ण येण्याची दुसरी कोणती वाटच तयार होत नाही. पुढे ही वाट बंद केली तर दवाखानाच बंद पडेल अशी त्याची स्थिती होते. आणि तोवर ती ‘पद्धत’ झालेली असते.

पण सगळे तसे नसतात, आणि हे नुसते समाधानासाठी म्हणत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जग ओळखते. एका तपासणी केंद्राने त्यांना कमिशनचा बाराशे रुपयांचा धनादेश पाठवला, तेव्हा त्यांनी तो घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ‘साथी’ या पुण्याच्या संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून प्रामाणिक डॉक्टरांची घुसमट पुस्तकरूपाने मांडली. त्याच्या खूप आधी, सत्तरच्या दशकाअखेरीस, डॉ. अरुण लिमये यांच्या ‘क्लोरोफॉर्म’ने मराठी वाचकाला हादरवले होते. या विषयावर बोलण्याचे धाडस बाहेरच्यांपेक्षा डॉक्टरांनीच जास्त दाखवले आहे. आणि किंमतही त्यांनीच मोजली आहे, कारण कट न देणाऱ्याकडे रुग्ण येणे थांबते. बाजार त्याला शिक्षा करतो आणि कौन्सिल दुसऱ्याला शिक्षा करत नाही.

म्हणून मला वाटते की कायदा हवाच, पण तेवढ्याने भागणार नाही. नियमाने पगार देणारे, खाटा भरण्याची सक्ती न करणारे, आणि रुग्णाला चिठ्ठीशिवाय जाता येईल असे सार्वजनिक रुग्णालय जवळ असेल, तर तरुण डॉक्टरला ‘नाही’ म्हणण्याची सोय होते आणि रुग्णाला दुसरे मत घेण्याची. ते नसेल किंवा मोडकळीला आले असेल, तर दोघेही बाजाराच्या हाती सापडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. तेव्हा ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे काम सुरू असल्याने जिल्हाभरचा भार कळव्यावर येत होता. त्या बातमीनंतर किती कुटुंबांनी ‘काही झाले तरी खासगीतच नेऊ’ असे ठरवले असेल याची मोजदाद कुठे नाही. पण तो निर्णय ज्या खाटांकडे वळतो, त्याच खाटांचा हा लेख आहे.

अंबरनाथला २०२४ पासून नवे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथली पहिली मुले २०३० च्या आसपास डॉक्टर होतील. त्यांतली बरीच कल्याण, डोंबिवली, बदलापूर इथलीच असतील आणि इथेच राहू पाहतील. तोवर महापालिकांच्या रुग्णालयांत कायमच्या, वेळेवर पगार देणाऱ्या जागा त्यांच्यासाठी निर्माण होतात की नाही, यावर त्यांतले किती जण पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीतल्या दवाखान्याची पायरी चढतील ते ठरेल. त्यासाठी आपल्या हाती अजून पाचेक वर्षे आहेत.